अड्ड्यावरचा फळा

बारामती सोडून इंदापूर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमचा ट्रकचा अड्डा आहे. गाड्या आहेत, चहाची टपरी आहे, पंक्चरवाला आहे. फळा मात्र आता नाही. तो माझ्यामुळे गेला असं तिथले लोक म्हणतात. मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलो. अमेरिकेनं आपल्या कपड्यावर पन्नास टक्के कर लावला, तो काय मी लावायला सांगितला होता, असं मी भर अड्ड्यावर ओरडून विचारलं आहे. आता मीच लिहायला बसलो, कारण माझ्याशी भांडायची हौससुद्धा लोकांची संपली आहे.

फळा म्हणजे शाळेत असतो तसाच काळा फळा. रिकामी गाडी अड्ड्यावर आली की मालकाचं नाव फळ्यावर सगळ्यात खाली लिहायचं. याला नंबर लावणं म्हणतात. साखरेच्या, कांद्याच्या, पशुखाद्याच्या व्यापाऱ्याला माल पाठवायचा असला की तो अड्ड्यावर निरोप द्यायचा, आणि ज्याचं नाव सगळ्यात वर, त्याला ते भाडं मिळायचं. दर अड्ड्याचा, सगळ्यांना सारखा. गाडीवाल्यानं व्यापाऱ्याशी दराचं बोलायचंच नाही. भाडं पसंत नाही म्हणून नाकारलं तर नाव पुसून पुन्हा तळाला. घरात मयत झाली किंवा लग्न असलं तर मात्र नंबर राखून ठेवायचा. कागदावर यातलं काही नव्हतं.

फळा सांभाळायचे तात्या. अंथुर्ण्याचे. तीस वर्षं ट्रक चालवून गुडघे गेले तेव्हा त्यांनी हातात खडू घेतला. एका जुन्या ट्रकच्या सीटवर ते बसायचे आणि सगळ्यांना एकाच सुरात बोलायचे, मग तो एका गाडीचा मालक असो नाहीतर दहा गाड्यांचा.

माझी गोष्ट वेगळी होती. माझे अब्बा शेळ्या-बोकडांचा व्यापार करायचे. बाजारात रुमाल टाकून, त्याखाली समोरच्याची बोटं दाबून भाव करायचा, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. पुढं ड्रायव्हर झालो, मग एका गाडीचा मालक झालो, मग तीन गाड्यांचा. हे सगळं तोंडाच्या जोरावर. टायर घेताना मी दुकानदाराला घाम फोडायचो. माझी बायको म्हणते, हकीम गोळ्या लिहून देतो तेव्हापण तुम्ही म्हणता, एक कमी करा. अशा माणसाला फळ्याखाली बसून वाट बघायला लावणं म्हणजे पैलवानाला आखाड्याबाहेर बसवून कुस्ती दाखवण्यासारखं होतं. दर ठरलेला, नंबर ठरलेला. माझ्या हुशारीला तिथं जागाच नव्हती.

ज्या वर्षी सरकारनं कांद्यावर निर्यातशुल्क लावलं त्या वर्षी हे फार खुपलं. कांदा बंदरावर जाईना. कांद्याच्या गाड्या रिकाम्या झाल्या आणि त्या सगळ्या साखरेच्या भाड्यासाठी आमच्या अड्ड्यावर येऊन उभ्या राहिल्या. फळा खालपर्यंत भरला, तात्यांनी शेजारच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. माझी एक गाडी एकोणीस दिवस उभी होती. एकोणीस दिवस मी टपरीवर चहा पीत बसलो आणि माझ्यापेक्षा अडाणी माणसं, केवळ नाव वर होतं म्हणून, भाडी घेऊन जाताना बघितली. कऱ्हाटीचा एक जण होता, एकाच जुन्या गाडीचा मालक. त्याला धड दर विचारता यायचा नाही. तो माझ्या आधी गेला. जाताना म्हणाला, "भाई, येताना तुमच्यासाठी नंबर घिऊन येऊ का?" सगळे हसले. मी हसलो नाही.

त्या वर्षी काम नाही म्हणून अड्ड्यावरची एकही गाडी विकली गेली नाही. उशिरा का होईना, प्रत्येकाला भाडं मिळालं, आणि तेही पडलेल्या दरानं नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती पाहिली नाही. मला फक्त ते एकोणीस दिवस दिसत होते.

शुल्क उठण्याच्या आधीच मी माझा मार्ग शोधला. एमआयडीसीत एक कपडे शिवणारा कारखाना आहे, सगळा माल अमेरिकेला जातो. तिथल्या डिस्पॅचच्या साहेबांना कंटेनर न्हावा-शेव्याला न्यायला कायमच्या गाड्या हव्या होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो. दोन तास घासाघीस केली आणि बाहेर आलो तेव्हा चार ट्रेलरचं काम माझ्या खिशात होतं. तिन्ही ट्रक विकायला काढले, चाळीस फुटी कंटेनर बसेल असे चार ट्रेलर घेतले. ट्रेलर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा, त्याला बाजूच्या फळ्या नसतात. कंटेनर ठेवा, कुलपं लावा, निघा. कांदा नाही, पोती नाहीत, हमालांशी हुज्जत नाही.

अड्ड्यावर जाऊन मी माझं नाव माझ्याच हातानं पुसलं. तात्या म्हणाले, "एक गाडी ऱ्हाऊ दे की फळ्यावर. जुना ट्रक एक ठेव. एका झाडाला चार दोर बांधू नगंस."

मी म्हणालो, "तात्या, रांगेत उभं राहायला मी काय रेशनच्या दुकानात आलोय?"

टपरीवर बसलेले सगळे रांगेतलेच होते. तात्यांनी फडकं घेतलं आणि माझ्या नावाची राहिलेली अक्षरं नीट पुसली. "बरं," एवढंच म्हणाले.

पुढची दोन वर्षं चांगली गेली, खोटं कशाला सांगू? आठवड्याला सात-आठ कंटेनर. कारखान्यात शिलाईला सांगवी, कऱ्हाटीकडच्या बायका यायच्या, सकाळी त्यांच्या चार बसगाड्या गेटवर लागायच्या. त्या बसगाड्या दिसल्या की मला बरं वाटायचं. जितक्या बायका तितका माल, जितका माल तितके कंटेनर. गेटसमोर वडापाववाला होता, भाजीवाली होती, माझे ड्रायव्हर होते. अमेरिकेतल्या कुठल्या तरी दुकानात कोणी तरी शर्ट उचलायचं आणि त्यावर इथं आम्ही सगळे चालायचो. तेव्हा असा विचार कोण करतं? मला वाटायचं, मी माझ्या हुशारीवर चाललोय.

मग अमेरिकेच्या कराची बातमी आली. आधी पंचवीस टक्के, मग त्यावर आणखी पंचवीस. तारीख ठरली होती, आणि त्या तारखेआधी जितका माल जहाजावर चढेल तितका जुन्या करात जाणार होता. कारखाना दिवसरात्र चालू झाला. साहेब स्वतः गेटवर उभे. त्यांना एकाच आठवड्यात चौदा कंटेनर बंदराला पाठवायचे होते. बंदरावर आधीच रांगा, सगळ्या राज्यातला माल त्याच गेटावर धावत होता. गाडी कोणाकडेच रिकामी नव्हती. माझ्याकडे चार होत्या.

यापुढचं लिहायला जरा जड जातं. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, खुर्ची ओढली आणि म्हणालो, "दर दुप्पट."

साहेब म्हणाले, "भाई, आपलं वर्षाचं ठरलंय."

"ठरलंय ते रोजच्या कामाचं. हे रोजचं काम आहे का?"

"अहो, माल वेळेत नाही गेला तर अमेरिकेतली पार्टी आमच्याकडूनच कर कापून घेणार आहे. अडचणीत आहे मी."

"म्हणून तर आलोय," मी म्हणालो.

हे वाक्य मी हसून बोललो होतो. बाजारात असं बोलतात. समोरचा शिवी देतो, आपणही देतो, आणि मग चहा पितो. साहेबांनी शिवी दिली नाही. दुप्पट दराच्या कागदावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिली गाडी दुपारपर्यंत लावा." त्यांनी चहा सांगितला नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. अब्बा भाव करताना नेहमी शेवटची थोडी जागा समोरच्याला सोडायचे. म्हणायचे, त्याला घरी जाऊन बायकोला काही तरी सांगता आलं पाहिजे. मी भाव करायला त्यांच्याकडून शिकलो, ही जागा सोडायचं तेवढं शिकलो नाही.

चौदाही कंटेनर वेळेत गेले. तारीख उलटली आणि पंधरा दिवसांत गेटवरच्या चार बसगाड्यांची एक झाली. अमेरिकेतल्या पार्टीनं कारखान्याला सांगितलं, कराचा अर्धा भार तुम्ही सोसा. कारखान्यानं धागेवाल्याला सांगितलं, खोकेवाल्याला सांगितलं. जो तो आपल्या खालच्याला सांगत होता. मी ड्रायव्हरांना सांगितलं, महिनाभर निम्म्या पगारावर राहा. दोघं राहिले, दोघं गेले. भाजीवाली गेटवर बसायची बंद झाली. कर लावणारा कोणी तरी सातासमुद्रापलीकडे बसला होता, आणि घासाघीस कऱ्हाटीच्या बसथांब्यापर्यंत आली होती.

आठवड्याला एखाद-दुसरा कंटेनर निघत होता. तो तरी माझा, असं मी धरून चाललो होतो. एक दिवस गेटवर दुसऱ्याच माणसाचा ट्रेलर उभा दिसला. मी तसाच साहेबांकडे गेलो. रागानं माझा आवाज चढला होता.

"दोन वर्षं तुमच्या गेटावर मी रात्रंदिवस गाड्या उभ्या केल्या. आणि आता हा कोण?"

साहेबांनी शांतपणे वर बघितलं. "भाई, तुम्ही अडचणीत आहात का?"

"आहे ना. चार गाड्या उभ्या आहेत."

"मीही होतो," ते म्हणाले, आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं.

साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. दोन वर्षं एकही कंटेनर मी उशिरा पोचवला नव्हता. त्यातलं काही त्यांनी जमेस धरलं नाही, ते एक केबिनमधलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं. मला वाटतं एवढं कडू होण्याचं कारण नव्हतं. पण दुप्पट दर मीच लिहून घेतला होता, हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात ठेवून झोप लागत नाही.

शेवटी वेल्डरकडे नेऊन चारही ट्रेलरना लोखंडी तळ आणि बाजू बसवल्या, म्हणजे साखरेची पोती लादता येतील. आणि अड्ड्यावर गेलो. दुपार होती. अड्डा भरलेला होता. कपड्याच्या कारखान्यांवर चालणारे टेम्पोवाले, खोक्यांचे गाडीवाले, सगळेच तिथं येऊन टेकले होते. तात्या त्याच सीटवर बसले होते. रागावले असतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तर बाजूला सरकून जागा दिली.

"ये भाई. बैस. चा घे."

"नंबर लावायचाय, तात्या. चार गाड्या."

"लाव की. तुझाच अड्डा हाय." त्यांनी खडू उचलला आणि फळ्याच्या तळाला माझं नाव चार वेळा लिहिलं. पहिलं नाव अडतिसावं.

मी म्हणालो, "मी इथं बारा वर्षं नंबर लावलाय."

"व्हय. आन् स्वतःच्या हातानं पुसलास."

"जुना माणूस म्हणून काही आहे की नाही? पंधरावा तरी द्या."

तात्यांनी खडू खाली ठेवला.

"बरं, विसावा. एका गाडीला विसावा, बाकीच्या तीन तळाला."

टपरीवर कोणी तरी फसकन हसलं. कऱ्हाटीवाला होता. त्याचं नाव नववं होतं. तात्या मात्र हसले नाहीत. सावकाश म्हणाले, "भाई, बोकड न्हाय हे. रुमाल टाकू नगंस. इसावा तुला दिला तर इसावा ज्येचा हाय त्येला मी काय सांगू?"

"सांगा, भाईला दिला म्हणून!"

"आन् उद्या त्यो नववा मागंल. मग मी हितं कशाला बसू? घरी गुडघं शेकत बसंन."

यात काहीच चुकीचं नव्हतं. आज लिहिताना मला प्रत्येक शब्द पटतो. अडतीस नंबर म्हणजे फार तर महिनाभर. माझ्याकडे डिझेल होतं, घरात धान्य होतं, महिनाभर मी सहज थांबलो असतो. अब्बा गेले तेव्हा याच तात्यांनी माझा नंबर चौथ्यावर आठ दिवस राखला होता आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता. पण तो हसण्याचा आवाज कानात गेला, आणि माझं डोकं फिरलं.

"ठेवा तुमचा फळा," मी म्हणालो. "बघतो मीपण."

रस्त्याच्या पलीकडे मोकळी जागा होती. संध्याकाळच्या आत चारही ट्रेलर मी तिथं आणून उभे केले, अड्ड्याच्या बरोबर समोर. तिथूनच साखरेच्या व्यापाऱ्याला फोन लावला. ज्याच्याशी दराचं बोलायचं नाही असा अड्ड्याचा नियम, त्यालाच. म्हणालो, "शेठ, अड्ड्याच्या दरापेक्षा रुपयामागं दोन आणे कमी. गाडी अर्ध्या तासात. नंबर-बिंबर काही नाही."

व्यापारी वर्षानुवर्षं याच फोनची वाट बघत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन गाड्या भरून निघाल्या, अड्ड्यावरच्या सदतीस माणसांच्या डोळ्यांदेखत. मी मुद्दाम हॉर्न वाजवला.

चार दिवस मी जिंकलो होतो. पाचव्या दिवशी फळ्यावरचा दुसरा नंबर, ज्याला त्याच दिवशी भाडं मिळालं असतं, तो व्यापाऱ्याकडे गेला आणि माझ्यापेक्षा कमी दर सांगून आला. मग तिसरा. एरवी माल भरपूर असता तर फळ्यानं माझ्यासारखे दोन-चार जण पचवले असते. पण त्या कराच्या महिन्यांत गाड्या शंभर आणि माल तिसांचा. जो तो व्यापाऱ्याच्या दारात. भाड्याचा दर आठवड्यागणिक खाली. व्यापारी फोनवर मलाच सांगायचा, "भाई, अमका इतक्यात तयार आहे. बोला." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा रुमालाखाली दाबणारी बोटं दुसऱ्याची होती आणि दाबली जात होती ती माझी.

दिवाळीच्या आत फळा रिकामा झाला. तात्या रोज यायचे, सीटवर बसायचे. फळ्यावर सात नावं राहिली, मग तीन, मग एकटा कऱ्हाटीवाला. त्याला दर बोलता येत नव्हता, म्हणून तो थांबला होता. फळ्यावर भाडंच येत नाही म्हटल्यावर त्यानंही गाडी विकायला काढली. दुसऱ्या दिवसापासून तात्या आले नाहीत. फळा टपरीवाल्यानं पावसाचं पाणी अडवायला मागच्या बाजूला लावला.

पुढं कर कमी-जास्त होत राहिल्याच्या बातम्या आल्या. कारखान्याची दुसरी बस चालू झाली. तेव्हा कुठं मला वाटलं, आता फळा पुन्हा उभा करता येईल. मी अंथुर्ण्याला गेलो. तात्या अंगणात खाटेवर बसून गुडघ्याला तेल लावत होते. मी माफी मागायला गेलो होतो, पण तोंडाला सवय नाही. म्हणालो, "तात्या, परत या. या वेळी मी तळाचा नंबर घेतो. चारही गाड्या तळाला."

ते हसले. "आता बी सौदाच करतूयास की."

"सौदा नाही. चुकलं माझं."

त्यांनी बाटलीला झाकण लावलं, हात फडक्याला पुसले. आतून सून चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला. तात्या म्हणाले, "मी नुसता खडू धरत हुतो, भाई. लोकं थांबत हुती म्हणून फळा हुता. पुढच्याला मिळालं तर आपल्यालाबी मिळंल, असं वाटायचं त्यास्नी. आता कोण थांबंल? तू थांबशील, मान्य. पण तू थांबलायस ह्ये बाकीच्यांला खरं वाटंल का?"

चहा पिऊन मी उठलो. ते फाटकापर्यंत आले, गुडघे दुखत असताना.

गेल्या आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला, एका गाडीचं भाडं होतं, सोलापूरला. माझी गाडी रिकामी होती. पलीकडे सांगवीचा एक गाडीवाला सहा दिवस उभा होता, हे मी बघत होतो. मी चालत त्याच्याकडे गेलो.

"हे भाडं तू घे. तू माझ्या आधी आलायस."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "का वो भाई? माल भिजलेला हाय का?"

"नाही. चांगला माल आहे."

"मग पार्टी पैशाला वाईट असंल."

"पार्टी बरी आहे. तुझा नंबर आहे, म्हणून सांगतोय."

"नंबर?" तो केबिनमध्ये चढून बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं. काच खाली करून, तसं नम्रपणेच म्हणाला, "नगं भाई. तुमी देताय म्हंजी त्यात कायतरी असनारच. तुमीच न्या."

मी चालत परत आलो. मग फोन पुन्हा वाजला, आणि व्यापारी विचारू लागला, गाडी लावताय की दुसऱ्याला सांगू. मी म्हणालो, लावतो.